सूर्यभानची साक्ष

अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की वडझिरा लागतं. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लहान. नगरपालिका आहे, बसस्टँड आहे, सोमवारचा बाजार आहे आणि मुलींची एक शाळा आहे. या शाळेचं नाव खो-खोमुळं आख्ख्या जिल्ह्याला ठाऊक झालं होतं, आणि ते केलं होतं प्रणाली गावंडे या खेळाच्या शिक्षिकेनं.

प्रणाली मूळची धामणगाव रेल्वेची. लहानपणी तिचा बाप आल्यागेल्याला सांगायचा, "हे पोट्टी चालतच नाई, पयतेच." दुकानातून साखर आणायची तरी पळत, विहिरीवर जायचं तरी पळत. पुढे अमरावतीला तिनं खेळाचं शिक्षण घेतलं, विद्यापीठाकडून खेळली आणि लग्न होऊन वडझिऱ्यात आली. नवऱ्याचं, कुलदीपचं, बी-बियाण्याचं दुकान होतं. शाळेत तिला नोकरी लागली तेव्हा मैदान म्हणजे बाभळीचे काटे आणि शेजारच्यांच्या शेळ्या. तिनं पोरींना हाताशी धरून ते साफ केलं, दोन खांब रोवले आणि शिकवायला लागली.

तिची शिकवण्याची रीत एकच. ती बोलून शिकवत नसे. खांबाला वळसा कसा घालायचा, पळणारीच्या पाठीवर सूर कसा मारायचा, हे ती साडीचा पदर खोचून स्वतः करून दाखवायची. चाळिशीला टेकली तरी नववीतल्या पोरींच्या हाती ती लागत नसे. मातीत पडून उठायची, कोपर झटकायची आणि म्हणायची, "असं. आता कर." पोरी पाहायच्या आणि करायच्या.

प्रणाली पडली तो दिवस नवरात्रातला, कोरोना यायच्या आधीच्या वर्षीचा. एका मंडळाची देवीची मिरवणूक बसस्टँडवरून चालली होती. मूर्ती उंच, म्हणून वरच्या तारांमधली लाईट बंद केलेली. दिवस मावळून गेला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचलेली, रस्ता सगळा माणसांनी भरलेला. प्रणाली बाजारातून गाडीकडे निघाली होती. ट्रॉली अंगावर आली तशी ती दोन पावलं बाजूला सरली. त्यातलं दुसरं पाऊल जिथं पडलं तिथं जमीनच नव्हती.

रस्त्याच्या कडेनं सिमेंटची नाली होती आणि तिच्यावर ढापे होते, जाड सिमेंटच्या फरश्यांचे. त्यातला एक ढापा अर्धा फुटलेला होता. तिथं एरवी लोखंडी ड्रम उभा केलेला असायचा. मिरवणुकीला अडचण नको म्हणून कार्यकर्त्यांनी तो ड्रम उचलून कुठंतरी ठेवला होता. प्रणालीचा पाय त्या भगदाडातून मांडीपर्यंत खाली गेला, घोटा आत पडलेल्या ढाप्याच्या तुकड्याच्या आणि नालीच्या भिंतीच्या मध्ये अडकला आणि बाकीचं अंग पुढं पडलं. हाड मोडल्याचा आवाज स्पीकरच्या गोंगाटात कोणाला ऐकू आला नाही. तिला आला.

तिच्या ओरडण्याकडं पहिलं लक्ष गेलं ते सूर्यभानचं. त्याची फुटाण्याची टपरी त्या ढाप्याला लागूनच होती. साठी ओलांडलेला, काडीसारखा बारीक माणूस. तो सब्बल घेऊन धावला, शेजारचा ढापा त्या पहारीनं बाजूला सारला आणि गुडघाभर घाणीत उतरून त्यानं तिचा लोंबता पाय दोन्ही हातांनी तोलून धरला.

"मॅडम, खाली पाहू नका," तो म्हणाला. "माया तोंडाकडे पाहा. बस, माया तोंडाकडे."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. पांढऱ्या दाढीचे खुंट, भट्टीच्या धगीनं काळवंडलेले गाल. लोकांनी तिला वर काढलं. सूर्यभाननं खांद्यावरचा दुपट्टा तिच्या पायाला करकचून बांधला, ओळखीच्या एकाची गाडी थांबवली आणि तिचा पाय मांडीवर घेऊन अमरावतीपर्यंत तो तसाच बसला. कुलदीप त्या दिवशी धंद्याच्या कामानं शेंदूरजनाघाटला गेलेला. तो दवाखान्यात पोचेपर्यंत सूर्यभान दाराबाहेर उभा होता, नालीच्या घाणीनं भरलेल्या धोतरानिशी.

ऑपरेशन करून पायात लोखंडी पट्ट्या घातल्या, पुन्हा उघडून पुन्हा घातल्या. घोटा काही वळेना. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "चालाल. काठी लागेल, पण चालाल. पळणं विसरा."

प्रणाली घरी आल्यावर सूर्यभान अधूनमधून यायचा. कागदाच्या पुडीत गरम फुटाणे आणायचा आणि खुर्ची दिली तरी पायरीवरच बसायचा. शाळेतल्या पोरी सुटीत त्याच्याकडेच फुटाणे घ्यायला जायच्या, त्यामुळं त्याला टीममधली एकेक पोरगी माहीत होती. "ते उंच पोट्टी हाय ना तुमची, ते फुटाणे कमी खाते अन् वाटते जास्त," असं काहीबाही सांगून तो तिला हसवायचा. कधी स्वतःचं सांगायचा. मूळचा पातूरकडचा. वाटणीत वावर भावाकडं गेलं, तसा हा बायकोला घेऊन वडझिऱ्यात आला. तेव्हा बसस्टँड म्हणजे एक कडुनिंब आणि एक पत्र्याचं छप्पर. त्यानं रस्त्याच्या कडेला भट्टी मांडली, कढईत वाळू तापवली आणि हरभरे फोडायला लागला. रस्ता रुंद झाला तसा तो मागं सरकला, पुन्हा रुंद झाला तसा पुन्हा सरकला. मग पालिकेनं नाली बांधली. आता मागं सरकायला जागा उरली नव्हती, कारण मागं भिंत होती.

प्रणालीची सासू त्याला देवमाणूस म्हणायची. "तुमी नसता तर माह्या सुनेचा पायच कापा लागला असता." सूर्यभान मान खाली घालायचा. "असं नका म्हणू, माय," म्हणायचा आणि लवकर उठायचा. घरच्यांना वाटायचं, केवढा विनय.

काठीच्या आधारानं जरा चालता यायला लागलं तेव्हा प्रणाली कुलदीपला घेऊन नगरपालिकेत गेली. भांडायला नव्हे. तो ढापा अजून तसाच होता, आणि शाळेच्या पोरी रोज त्याच रस्त्यानं यायच्या. तेवढा बदला, एवढंच सांगायला ती गेली होती. तिथल्या साहेबानं तिचं ऐकून घेतलं, चहाही मागवला. मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? रस्त्यानं चालताना माणसानं खाली पाहून चालावं. आम्ही काय प्रत्येकाच्या पायाखाली पाहत फिरणार?"

प्रणाली चहा न घेता उठली. संध्याकाळी कुलदीपला म्हणाली, "आपल्याले केस कराची हाय."

"कशासाठी? पाय तर परत येणार नाई."

"खाली पाहून चालाव म्हणते तो मले."

अमरावतीला अनुपमा धर्माधिकारी नावाच्या वकीलबाई होत्या. त्यांचे वडीलही वकील, आजोबाही वकील. बोलणं मोजकं आणि सरळ. त्यांनी पालिकेला आधी नोटीस पाठवली आणि मग अकोल्याच्या कोर्टात दावा लावला. पालिकेचं उत्तर आलं की बाई बेफिकीरपणे चालत होत्या, आणि ढापा कंत्राटदारानं बसवला होता. कंत्राटदाराचं उत्तर आलं की त्याची हमीची मुदत संपली, शिवाय नालीवर अतिक्रमणं आहेत. प्रणालीनं ते वाचून कपाळाला हात लावला. पाय मोडला होता एवढंच सगळ्यांना मान्य होतं, मोडायला कारण मात्र कोणीच नव्हतं.

"ही उत्तरं अशीच असतात," अनुपमाताई म्हणाल्या. "कायदा इथं गुंतागुंतीचा नाही. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्यानं तो लोकांना चालण्याजोगा ठेवायचा. धोका त्यांना माहीत होता आणि तरी त्यांनी हात लावला नाही, एवढं आपल्याला दाखवायचंय. पण 'माहीत होतं' हे दाखवायला माणूस लागतो. तिथं रोज बसणारा, पालिकेत जाऊन सांगून आलेला."

प्रणालीनं बसस्टँडवरची दुकानं पालथी घातली. औषधवाला, झेरॉक्सवाला, चहावाला. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोर्टात यायला कोणी तयार नव्हतं. "आमाले इथंच धंदा कराचा हाय, मॅडम," एवढं एकच उत्तर. शेवटी ती सूर्यभानच्या टपरीपाशी गेली. ती अर्धं वाक्य बोलली असेल नसेल, तोच तो म्हणाला, "येतो ना. कवा या लागते?"

ही बातमी घेऊन ती अनुपमाताईंकडं गेली, तेव्हा त्या खूश झाल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रणाली, त्यांची टपरी नालीवर आहे. उलटतपासणीत ते निघणार. निकालात त्याचा एक ओळीचा उल्लेख जरी आला, तरी पालिकेच्या हातात कोलीत मिळेल. हे त्यांना नीट समजावून सांग. मग ते हो म्हणाले तर आणू."

प्रणाली सांगायला गेली होती, हे खरं. दुपारची वेळ, भट्टी पेटलेली, सूर्यभान झाऱ्यानं वाळू हलवत होता आणि कढईत हरभरे तडतडत होते. ती म्हणाली, "काका, तिथं उलटे प्रश्न विचारतील. टपरीबद्दल पण विचारतील."

"विचारू द्या," तो म्हणाला. वाळू हलवायचा त्याचा हात जरा थांबला. "मले बी एक सांगाचं हाय."

काय सांगायचंय, हे तिनं विचारलं नाही. टपरी जाऊ शकते, हेही तिनं उलगडून सांगितलं नाही. सांगितलं तर हा माणूस माघार घेईल आणि मग आपल्याकडं कोणीच उरणार नाही, ही भीती तिच्या मनात होती. तिनं स्वतःची समजूत घातली, आपण बोललो की टपरीबद्दल विचारतील म्हणून. आणखी काय सांगायचं?

मध्ये कोरोना आला, कोर्टं बंद पडली, तारखा सरकत राहिल्या. शाळा सुरू झाल्यावर प्रणालीला वाचनालय सांभाळायला दिलं. खेळाला नवीन सर आले. ते शिट्टी वाजवून, फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचे. पोरी दोन-तीनदा वाचनालयात येऊन म्हणाल्या, मॅडम, तुम्ही या ना. एकदा ती मैदानावर गेली, खुर्ची टाकून बसली. एका पोरीचा सूर चुकत होता. प्रणाली सांगायला गेली, खांदा आधी टाक, मग कंबर. पोरीला ते कळेना आणि प्रणालीला ते शब्दांत धरता येईना. ती अर्ध्यातच उठून आली, आणि परत गेली नाही. पुढच्या वर्षी टीम तालुक्यातच हरली.

साक्षीची तारीख एकदाची लागली. कुलदीपच्या गाडीत तिघं अकोल्याला गेले. सूर्यभाननं धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला टोपी. मूर्तिजापूर गेल्यावर तो म्हणाला, "लय वर्सानं अकोल्याले येऊन राहिलो."

साक्षीच्या पिंजऱ्यात तो पहिल्यांदा जरा गडबडला, पण सांगायचं ते त्यानं नीट सांगितलं. ढापा पावसाळ्याच्या आधीपासून फुटका होता. तो स्वतः पालिकेत जाऊन सांगून आला होता, एकदा नाही, कितीतरी वेळा. आरोग्य खात्याच्या मुकादमाला त्यानं जागेवर आणून भगदाड दाखवलं होतं. कोणी आलं नाही, म्हणून लोक पडू नयेत यासाठी त्यानंच ड्रम आणून ठेवला होता. अनुपमाताईंनी मान हलवली. प्रणालीला वाटलं, जिंकलो.

मग पालिकेचे वकील उठले. आवाज अगदी गोड.

"तुमची टपरी कुठं आहे, बाबा?"

"नालीवर."

"म्हणजे पालिकेच्या जागेवर बसला आहात."

"मी नालीवर नाई बसलो, साहेब. नाली माया खालून आली. मी आधीचाच हाय."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकीलही हसले. "बरं. ढापा फुटला होता म्हणता. तो कोणी फोडला, हे माहीत आहे तुम्हाला?"

सूर्यभाननं टोपी काढून हातात घेतली. "हाय ना माहीत. माया हातानं फुटला."

अनुपमाताईंचा पेन हातातच राहिला.

"नाली तुंबली होती," सूर्यभान सांगू लागला. त्याला आता कोणी विचारत नव्हतं, तरी तो सांगत होता. "घाण पाणी टपरीत येऊन राहिलं होतं. चार खेपा सांगतलं पालिकेत, कोणी आलं नाई. मंग म्याच सब्बल लावून ढापा उचलला, बांबूनं नाली मोकळी केली. ठेवता ठेवता हातातून सुटला अन् अर्धा फुटला. लय जड असते तो, साहेब. एकट्याचं काम नोहे. मॅडम त्याच्यातच पडल्या." आणि मग तो वकिलाकडं न पाहता, खाली बाकावर बसलेल्या प्रणालीकडं पाहून म्हणाला, "हे मले आधीच सांगाले पाह्यजे होतं."

ज्या माणसाच्या तोंडाकडं पाहत तिनं ती संध्याकाळ काढली, ज्याचे फुटाणे तिनं अंथरुणात बसून खाल्ले, त्याच्याच हातानं ते भगदाड पडलं होतं. आणि इतकी वर्षं तो पायरीवर बसून पोरींच्या गोष्टी सांगत होता.

कोर्ट उठलं. ती काठी टेकत गाडीपाशी आली. सूर्यभान मागून आला. टोपी अजून हातातच होती.

"मॅडम," तो म्हणाला.

"तुम्ही बसनं या," प्रणाली म्हणाली, आणि गाडीत बसून तिनं काच वर केली.

कुलदीपनं एकदा तिच्याकडं, एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि गाडी काढली. आरशात तिला सूर्यभान कोर्टाच्या फाटकाशी उभा दिसला. तो रागावल्यासारखा दिसत नव्हता. बस कुठून मिळते, ते कोणाला तरी विचारत होता.

बोरगाव मंजू मागं पडल्यावर कुलदीप म्हणाला, "म्हाताऱ्याले घ्याले पाह्यजे होतं आपण."

त्यानंतर ती शाळेत जायला मागची गल्ली धरू लागली. सूर्यभानही घरी आला नाही. राग पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच ओसरला होता. एकट्या म्हाताऱ्यानं पालिकेचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यात त्याचा काय दोष, हे तिलाही कळत होतं. खोटं बोलला असता तर कोणाला पत्ता लागला नसता, हेही कळत होतं. जाऊन दोन शब्द बोलावे, असं बाजाराच्या दिवशी हमखास वाटायचं. पण त्या दिवशी काच वर केलेली होती. ती खाली कशी करायची, हे काही सुचायचं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत दिवस गेले.

निकाल लागला तो तिच्या बाजूनं. अनुपमाताईंनी फोनवर त्यातला भाग वाचून दाखवला. ढापा कोणी उचलला हा प्रश्नच नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं. सार्वजनिक रस्ता सुरक्षित ठेवणं हे पालिकेचं कर्तव्य, आणि ते कोणा फुटाणेवाल्याच्या माथी मारता येत नाही. उलट, त्यानं वारंवार सांगूनही पालिका हलली नाही, हे त्याच्याच साक्षीवरून शाबीत होतं, आणि ही साक्ष स्वतःला अडचणीत आणणारी असल्यामुळंच ती विश्वासार्ह वाटते. पालिकेनं भरपाई द्यावी.

"त्यांनी खरं सांगितलं म्हणून आपण जिंकलो, प्रणाली," अनुपमाताई म्हणाल्या. "ते बोलले नसते, तर ढाप्याचं खापर कोणावर तरी ढकलून पालिका सुटली असती."

प्रणालीनं त्याच दिवशी पेढे घेतले. दुसऱ्या कोणाच्या आधी सूर्यभानला द्यायचे, असं तिनं ठरवलं. काय बोलायचं तेही मनाशी घोळवलं. पण शाळेत सत्कार, माहेरची माणसं, कुलदीपच्या दुकानात येणारे-जाणारे, यात आठवडा गेला. ती बसस्टँडवर पोचली तेव्हा नालीवर नवा कोरा लोखंडी ढापा बसवलेला होता. जाळीचा, चांगला जाड. त्याच्या शेजारी जिथं भट्टी असायची तिथं काळी पडलेली भिंत होती आणि बाकी काही नव्हतं.

केळीच्या गाडीवर पिंटू नावाचा पोरगा होता. त्यानं तिला ओळखलं. "काकाले पाह्याले आल्या का, मॅडम? निकाल लागला त्याच हप्त्यात जेसीबी आला ना. कढई बी काढू देल्ली नाई."

"आणि बाकीच्या टपऱ्या? त्या कशा राहिल्या?"

"त्यायचं नाव कोर्टाच्या कागदावर कुठी हाय?" पिंटू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. जे झालं ते तो सांगत होता.

पेढ्यांचा पुडा तिनं त्यालाच दिला. घरी येऊन अनुपमाताईंना फोन लावला. "मी तुला त्यांना समजावून सांगायला म्हटलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग वकिलासारख्या बोलल्या. फेरीवाल्यांसाठी कायदा आहे, जुन्या माणसाला असं उठवता येत नाही, पर्यायी जागा मागता येते. पण मागणी त्यानं स्वतः करायला हवी. तो आहे कुठं?

तो पातूरला होता, मुलीकडं. प्रणाली एकटीच गेली. वडझिऱ्याहून अकोला, अकोल्याहून पातूर, दोन्ही वेळा काठी आधी वर टाकून बसमध्ये चढली. सीमाचं, म्हणजे सूर्यभानच्या मुलीचं घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीत सूर्यभानची बायको इंदूबाई तुरीची डाळ पाखडत बसली होती. तिनं प्रणालीकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं आणि सूप खाली ठेवलं नाही.

"काका आहेत का?"

"वावरात गेले. येतीन."

प्रणाली उभीच राहिली. सीमानं आतून खुर्ची आणून दिली. इंदूबाई पाखडत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "तुमचा पाय मोडला, तुमाले कोर्ट होतं. आमचा धंदा मोडला. आमी कोणाकडे जाव?"

"त्यासाठीच आले, मावशी. अर्ज करता येतो. वकीलबाई एक पैसा घेणार नाहीत."

"पालिकेत खेपा केल्या होत्या ना त्यायनं. नालीसाठी केल्या होत्या." इंदूबाईनं सूप आपटलं तसा कोंडा उडाला. "मी म्हटलं होतं, नका जाऊ साक्षीले. म्हणे, मॅडमचा पाय माया हातानं गेला. रात-दिस तेच. जेवता जेवता तेच."

सूर्यभान आला तेव्हा प्रणालीनं त्याला लगेच ओळखलं नाही. तो आणखी वाळला होता, आणि गालांवरचा भट्टीचा काळेपणा गेल्यामुळं चेहरा भलत्याच कोणाचा वाटत होता. तिला पाहून त्याला मनापासून आनंद झाला, आणि तेच तिला सोसवेना. सवयीनं तो पायरीवर टेकला. तिनं काठी बाजूला ठेवली आणि जमेल तशी खाली उतरून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"काका, त्या दिवशी मी तुम्हाला तिथं सोडून आले."

"हाव," तो म्हणाला. "मले वाटलं, घाई असन."

"घाई नव्हती."

"माहीत हाय." तो म्हणाला. "मॅडम, मी तुमाले दवाखान्यातच सांगणार होतो. कुलदीपभाऊ आले, त्यायनं मले मिठी मारली. मंग तुमची सासू म्हणे, देवमाणूस. मले आजवर कोणी असं म्हटलं नाई. गोड लागलं ते. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राह्यलो. दर खेपेले पुडी घेऊन येवो अन् न सांगताच जावो."

प्रणालीला वाटलं, आपणही सांगून टाकावं. टपरी जाऊ शकते हे मला आधीपासून माहीत होतं, वकीलबाईंनी बजावलं होतं, मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. तिनं ते सांगितलं. वाक्यं तुटक आली, पण सगळं सांगितलं. मागं ओसरीत सुपाचा आवाज थांबला होता.

सूर्यभाननं अंगणातल्या कोंबड्यांकडं पाहिलं. "तुमी सांगतलं असतं तरी मी आलोच असतो," तो म्हणाला. "पण सांगतलं असतं तर बरं झालं असतं. कढई तरी आधी हलवली असती. माया बापाची होती."

प्रणालीनं अनुपमाताईंनी दिलेला अर्ज पुढं केला. सूर्यभाननं सही केली, तिचं मन राखायला. "जागा भेटली तर भेटली," तो म्हणाला. "पण आता वाळू तापवाची ताकद नाई राह्यली, मॅडम. अन् त्या नालीजवळ तर नाईच."

अर्ज पालिकेत पडून आहे. पालिका वरच्या कोर्टात गेली आहे, त्यामुळं भरपाईही अडकली आहे. अनुपमाताई दोन्हीकडं तारखा घेतात. नवा ढापा पक्का आहे, त्यावरून शाळेच्या पोरी उड्या मारत जातात, आणि फुटाणे आता पाकिटातले मिळतात.

प्रणाली दोन-चार महिन्यांतून एकदा पातूरला जाते. कधी कुलदीप सोडतो, बहुतेक वेळा ती बसनंच जाते. सूर्यभानला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं आहे. तो पोरींचं विचारतो, टीम कुठवर गेली विचारतो, आणि ती वाचनालयाच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं सांगते. इंदूबाई आता तिच्यासाठी चहा ठेवते. कप तिच्या पुढ्यात ठेवते आणि बोलायला न थांबता आत निघून जाते.